सोबत जोडले आहे

सरकारी नोकरीच्या चौतीस वर्षांत 'सोबत जोडले आहे' हे तीन शब्द मी किती वेळा लिहिले असतील, याचा हिशेब ठेवण्याची तजवीज कोणत्याही नोंदवहीत नव्हती, म्हणून तो आज देता येत नाही. परंतु अर्जाला दाखला, दाखल्याला प्रतिज्ञापत्र, प्रतिज्ञापत्राला पंचनामा आणि पंचनाम्याला पुन्हा मूळ अर्जाची नक्कल अशी जी अखंड शृंखला माझ्या टेबलावरून बारनिशीकडे आणि बारनिशीकडून परत माझ्या टेबलाकडे फिरत राहिली, ती कोणी सरळ अंथरली असती तर कोल्हापूरपासून पन्हाळ्यापर्यंत सहज पोचली असती, असा माझा नम्र अंदाज आहे. टाचणी, टॅग, खळ आणि मोहोर करायची असल्यास लाख, एवढ्या चार साधनांनी न जोडता येणारी वस्तू ईश्वराने निर्माण केलेली नाही, अशी अव्वल कारकून या पदावरून निवृत्त होतेवेळी माझी प्रामाणिक धारणा होती. ती धारणा गुजरीच्या मागच्या एका बोळात, एका सत्तरी ओलांडलेल्या सोनाराने, कसलीही पूर्वसूचना न देता मोडीत काढली.

प्रकरणाचे मूळ एका मेथीच्या जुडीत आहे. आमचे कुटुंब भाजी निवडीत असता त्यांच्या उजव्या कानातील कुडीचा मधला लाल खडा गळून त्या जुडीत पडला, आणि तो मेथीबरोबर चिरला जाण्यापूर्वी हाती लागला ही आमच्या कुलदैवताची कृपा. कुडी त्यांच्या माहेरची, भोवती मोती, मध्ये हा माणिक. मी ती कुडी व पुडीतला खडा घेऊन त्या सोनाराकडे, म्हणजे आण्णांकडे, गेलो. आण्णांचे दुकान म्हणजे एक ओटा, बसायला पाट, एरण रोवलेला लाकडी ठोकळा, कोपऱ्यात निखाऱ्यांची बागेसरी, भिंतीवर अंबाबाईची तसबीर आणि तिच्या खाली एक लाल चोपडी. या चोपडीत आण्णांनी माझ्यासमक्ष नोंद केली. टेबलाच्या पलीकडून साहेबांच्या पुढ्यातला कागद उलटा वाचण्याची विद्या मला हयातभर उपयोगी पडलेली असल्यामुळे ती नोंद मी तिथल्या तिथे वाचली: 'कुडी 1, खडा बसविणे, उद्या.'

हा 'उद्या' अकरा आठवडे चालला. पहिल्या आठवड्यात लगीनसराई होती. दुसऱ्यात वीज नव्हती, वास्तविक खडा बसवायला वीज लागतच नाही हे मला पुढे अनेक महिन्यांनी कळले. तिसऱ्यात आण्णांचे मेव्हणे वारले आणि सहाव्यात, बहुधा नजरचुकीने, तेच मेव्हणे पुन्हा वारले. दुसरा कोणी असता तर संतापला असता. पण मी 'साहेब दौऱ्यावर आहेत' या एका वाक्यावर अख्खा तालुका तीन-तीन वर्षे थोपवून धरलेला माणूस. एका कसबी गवयाने दुसऱ्याची तान ऐकावी, तसे ते बहाणे मी काही दिवस रसिकतेने ऐकले. परंतु घरी प्रत्यही जो तगादा होत होता त्यात रसिकतेचा अंश नव्हता, आणि म्हणून बाराव्या आठवड्याच्या आरंभी मी कौटिल्याला साक्षीला घेऊन बोळात शिरलो.

अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात सुवर्णाध्यक्षावर आणि बाजारातल्या सौवर्णिकावर स्वतंत्र अध्याय आहेत, आणि माझ्यासारख्या कारकुनी पिंडाच्या माणसाला ते एखाद्या ललित कादंबरीसारखे वाचवतात. कारखान्यात येता-जाता कारागिरांची वस्त्रे आणि हात तपासावेत. हत्यारे आणि अपुरे काम रात्री आतच ठेवावे. सोने चोरण्याचे मार्ग पाच, आणि त्यांतला पहिला तराजूत आहे. अशी झडती घेण्याची कल्पना आमच्या कोणत्याही साहेबांना सुचली नाही. परंतु माझ्या कामाचे कलम पुढचे होते. आण्णांना मी ते शांतपणे ऐकवले की, ठरल्या मुदतीत काम न देणाऱ्या सोनाराची मजुरी एक चतुर्थांशाने कापावी आणि वर त्या कपातीच्या दुप्पट दंड घ्यावा, असा मौर्यांच्या काळापासून दंडक आहे.

आण्णांनी तोंडातली फुंकणी बाजूला काढली. "आणि काम बिगडवलं तर?"

"तर मजुरी पूर्ण बुडाली, आणि वर तिच्या दुप्पट दंड."

"मग शाणा होता म्हणायचा तुमचा साहेब," आण्णा म्हणाले. "उशिराला पाव मजुरी आणि बिगडण्याला सगळी. म्हणजे घाई करू नगा असंच म्हणतोय की त्यो." माझ्याच पुराव्यावर आरोपी निर्दोष सुटल्याचा हा माझ्या कारकिर्दीतला पहिला प्रसंग. मी निरुत्तर झालेला पाहून आण्णांनी शेजारचा पाट माझ्याकडे सरकवला. "बसा की हितं. पेन्शनीतच हाय न्हवं? तुमीच बसवा खडा. पर आदी जोड शिकायची; जोड आल्याबिगर खडा न्हाई."

अशा रीतीने मी वयाच्या बासष्टाव्या वर्षी, दिवाळी झाल्यावर, बिनपगारी उमेदवार म्हणून रुजू झालो.

पहिला धडा तांब्याच्या तारेचा होता. तार जंत्रीच्या भोकांतून ओढून बारीक करायची, दांडीवर गुंडाळून तिचे कडे करायचे आणि कड्याची दोन टोके एकमेकांना भिडवायची. मी भिडवली. आण्णांनी कडे उजेडाकडे धरले आणि विचारले, "फटीतनं उजेड दिसतोय काय?"

"केसाएवढा दिसतो. तो डाखाने भरून निघेल."

"डाख काय गवंडी हाय व्हय, भोक बुजवायला?"

हे वाक्य ऐकून मी खरोखर चकित झालो, कारण डाख म्हणजे धातूची खळ आणि खळीचे काम फट बुजवणे, हीच माझी समजूत होती. वस्तुस्थिती अगदी उलटी आहे. ज्या नियमाने समईच्या वातीत तेल चढते त्याच नियमाने वितळलेला डाख अरुंद फटीत आपण होऊन ओढला जातो. फट जितकी सूक्ष्म तितकी ओढ जास्त, आणि फट जरा रुंद असली की तो काठावर येऊन, आत न उतरता, कचेरीच्या दारात थबकलेल्या खेडुतासारखा नुसता उभा राहतो. म्हणजे जी दोन टोके आधीच एकमेकांना भिडलेली आहेत तीच डाखाने जोडली जातात. ज्यांच्यात अंतर आहे त्यांना तो जोडत नाही. चौतीस वर्षे ज्या कागदांचा परस्परांशी काडीचा संबंध नव्हता ते मी एका टॅगात ओवून पाठवीत होतो, आणि वरिष्ठ त्यांवर 'पाहिले' असा शेरा मारीत होते. सोनारकामात हा शेरा अग्नी मारतो, आणि तो न पाहता मारीत नाही.

दुसरी गोष्ट सवागीची. सवागी म्हणजे टाकणखार. आपल्याकडे आजीच्या बटव्यात त्याची लाही मधातून तान्ह्या मुलाच्या आलेल्या तोंडाला लावण्यासाठी असे, आणि माझ्या जिभेला तिची चव अद्याप आठवते. सोनार ती दगडावर पाण्याबरोबर, सहाणेवर गंध उगाळावे तशी उगाळतो आणि ते दूध जोडावर लावतो. तापलेल्या धातूला हवा लागली की त्यावर मळी धरते आणि मळीवर डाख पसरत नाही. सवागी वितळून काचेसारखी वर पसरते, मळी गिळून टाकते आणि हवेला आत येऊ देत नाही. पूर्वी हा खार तिबेटातल्या सरोवरांकाठून मेंढ्यांच्या पाठीवर लादून हिमालयापलीकडून येत असे. आयुर्वेदाच्या ग्रंथांत त्याचे एक नाव 'सौभाग्य' असे आहे. जोड टिकायची तर मध्ये सौभाग्य हवे, असे आण्णा म्हणाले असते तर मी ते सुभाषित म्हणून टिपून ठेवले असते. पण ते "जास्ती फासू नगा, फुगतंय" एवढेच म्हणाले. आणि खरोखरच फुगते. जाळ लागताच सवागीची पांढरी लाही फुलते, आणि तिच्यावर मोठ्या निगुतीने मांडलेले डाखाचे तिळाएवढे तुकडे लाहीबरोबर उचलले जाऊन निखाऱ्यांत कोठेतरी गडप होतात. पहिल्या दिवशी मी असे नऊ तुकडे गमावले. ते आण्णांनी चोपडीत लिहिले.

तिसरी गोष्ट जाळाची, आणि येथे मात्र माझी अब्रू गेली. आण्णांकडे गॅसची बत्ती आहे, पण नवख्याने आधी दिव्यावर, वाकड्या फुंकणीने शिकावे असा त्यांच्या घराण्याचा दंडक. तोंडाने अखंड फुंकत राहायचे आणि त्याच वेळी नाकाने श्वास घ्यायचा; गाल हाच भाता. एका खात्याने चालवलेले काम दुसऱ्या खात्याच्या कानावर जाऊ द्यायचे नाही, ही रीत मला कचेरीत अंगवळणी पडली होती, तरीही माझे नाक आणि तोंड यांच्यात ती उतरायला तीन आठवडे लागले. तेवढ्या काळात मी दिवा सुमारे दोनशे वेळा विझवला, एकदा तेल ओढून घेतले आणि घरी चहाच्या बशीवर सराव करताना समोर बसलेल्या व्याह्यांच्या सदऱ्यावर अर्धी बशी उडवली.

श्वास साधल्यावर मी चांदीच्या अंगठीकडे वळलो. जोड उत्तम भिडलेली, सवागी बेताची, डाखाचा तुकडा बरोबर जोडावर. आणि मी जाळाचे टोक नेमके त्या तुकड्यावर धरले, कारण ज्याला वितळवायचे त्यालाच तापवावे हे शाळकरी मुलासही कळते. तुकडा वितळला, त्याची मोहरीएवढी गोळी झाली, आणि ती गोळी एका कडेवर जाऊन निर्विकारपणे बसली. आण्णांनी मान हलवली. "डाखाला तापवायचं न्हाई, भाऊसाहेब. दागिन्याला तापवा. डाख ऊन जागा बघून पळतोय." डाख उष्णतेकडे धावतो; म्हणून दोन्ही टोके सारखी तापली पाहिजेत. एक टोक जास्त तापले की सगळा डाख त्या बाजूस जातो आणि दुसरे कोरडे राहते, हे मी बदल्यांच्या मोसमात माणसांच्या बाबतीत पाहिले होते. तेव्हा दुसऱ्या खेपेस मी अंगठी सर्व बाजूंनी तापवली. चांदी उष्णता इतकी झपाट्याने वाहून नेते की बराच वेळ काहीच घडत नाही, आणि काहीच घडत नसले की कारकून निश्चिंत होतो. ती आधी मळकट झाली, मग फिकट तांबूस, आणि अकस्मात जोडाच्या रेषेतून एक चकचकीत रेघ सरकन धावली. ती पाहून मला जो आनंद झाला त्याचे वर्णन करीत मी क्षणभर अधिक थांबलो. चांदी 962 अंशांना वितळते; बऱ्या डाखाला त्याच्या सुमारे दोनशे अंश आधी पाझर फुटतो; आणि हे दोनशे अंश वहीत जितके ऐसपैस वाटतात तितके जाळात नसतात. अंगठीला घाम फुटल्यासारखी तकाकी आली, ती खाली बसली आणि निमिषार्धात तिच्या जागी वाटाण्याएवढा एक सुडौल गोल डोलू लागला.

"मणी चांगला झाला," आण्णा म्हणाले.

डाखाचे शास्त्र समजून घेताना मला एक गंमत आढळली. चांदी 962 अंशांना वितळते, तांबे 1084 ला. पण 72 भाग चांदी आणि 28 भाग तांबे एकत्र केले की ते मिश्रण 779 लाच पाणी होते, म्हणजे दोघांपैकी प्रत्येकाहून आधी. दोन खंबीर अधिकाऱ्यांची मिळून एक समिती नेमली असता ती त्या दोघांपैकी कोणाही एकापेक्षा लवकर पाघळते, हा अनुभव मला होता. त्याला धातुशास्त्राचा आधार आहे हे ठाऊक नव्हते. त्यात जस्त घातले की डाख आणखी लवकर वितळतो, आणि हे कमी-अधिक करणे कसबाचे असते, कारण एका दागिन्यात एकच जोड असती तर सोनाराचे आयुष्य सुखात गेले असते. दुसरी जोड करताना पहिली सुटते. पहिली सांधावी तर दुसरी. म्हणून पहिली जोड कठीण डाखाची, त्यानंतरची त्याहून नरम, शेवटची सर्वांत नरम; आणि आधीच्या जोडावर गेरूचा लेप, म्हणजे तेथला डाख हालत नाही. हा क्रम मी कागदावर उतरवला, त्याला अनुक्रमांक दिले आणि प्रत्यक्षात उलटा वापरला. चोपडीत आणखी एक नोंद झाली.

मध्यंतरी एका दिवशी माझ्या हातून चांदी लाल झाली, ते सांगितलेच पाहिजे. जोड झाल्यावर दागिना सौम्य गंधकाम्लात टाकतात, म्हणजे सवागीची काच आणि मळी निघून जाते. मी तो मोठ्या दक्षतेने चिमट्याने आत धरून ठेवला. चिमटा लोखंडी होता. आधीच्या कामांतले तांबे त्या अम्लात उतरलेले होते. लोखंड आत शिरताच ते सगळे तांबे चांदीवर चढून बसले आणि मी बाहेर काढली ती अंगठी पंचपात्रीच्या रंगाची होती. आण्णांकडे अम्लासाठी तांब्याचा वेगळा चिमटा आहे, आणि तो खुंटीला का टांगला आहे असे मी पूर्वी विचारले होते. "शोभेला" असे उत्तर मिळाल्यामुळे चौकशी तेथेच दप्तरी दाखल झाली होती.

आण्णा एरवी अल्पभाषी. पण निखारे निवत आले की बोलत. जानेवारी 1963 मध्ये, मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना, चौदा कॅरेटच्या वरचे दागिने घडवण्यास बंदी झाली तेव्हा आण्णा लहान होते. चौदा कॅरेट म्हणजे शंभरांत सुमारे अठ्ठावन्न भाग सोने; अशा सोन्याचा डाग कोण्या सासूने सुनेच्या अंगावर घालावा? गिऱ्हाइके आटली, देशभर कारागीर देशोधडीला लागले, कित्येकांनी जीव दिला. आण्णांच्या वडिलांनी त्या दिवसांत हातगाडीवर केळी विकली, आणि केळी तोलतानाही ते तराजूचा काटा स्थिर होईपर्यंत श्वास रोखून धरीत, म्हणून गिऱ्हाइके कंटाळून जात. पुढे 1968 चा सुवर्ण नियंत्रण कायदा आला आणि 1990 मध्ये तो गेला. हे सांगताना आण्णांनी सरकारला एकही अपशब्द वापरला नाही. फक्त माझ्याकडे पाहिले. मी महसूल खात्याचा, अर्थ खात्याशी माझा संबंध नाही, असा खुलासा मी ताबडतोब केला.

कॅडमियमचा डाखही त्यांनी असाच मुकाट्याने सोडला होता. तो सोन्यात सहज मिसळे, जोड दिसत नसे आणि दागिना आटवला तरी कस फारसा उतरत नसे, म्हणून 'केडीएम' ही अक्षरे एकेकाळी सराफांच्या पाट्यांवर सोन्याच्या वर्खात झळकत. पण कॅडमियम 767 अंशांना उकळते आणि त्याचा धूर कारागिराच्या छातीत जातो. आता बावीस कॅरेटवर 916 चा छाप लागतो, गिऱ्हाईक तो भिंगातून बघते, आणि ते बघते तेवढा वेळ त्याला दुसरे काही दाखवता येत नाही, एवढी एकच आण्णांची तक्रार आहे.

माघात मला खड्याची परवानगी मिळाली. येथे पहिला दंडक असा की सगळी आग आधी आणि खडा शेवटी. माणकाची जात कठीण, ते थोडाफार जाळ सोसते. पाचूच्या अंगातच भेगा, तो तडकतो. आणि मोती म्हणजे शेवटी चुनाच, त्याला ना जाळ सोसतो ना अम्ल. घरी मौक्तिकभस्म करण्याची परवानगी मला नव्हती. तेव्हा आधी खड्याचे घर बांधायचे: पातळ पट्टी खड्याच्या कमरेला अचूक मापाने वळवायची, जोडायची, तळाला बसवायची, आणि सर्वांत शेवटी त्यात खडा ठेवून पट्टीचा काठ त्याच्यावर दाबायचा. 'अचूक' हा शब्द लिहायला सोपा आहे. माझे पहिले घर सैल झाले, खडा त्यात घुंगरातल्या खड्यासारखा वाजू लागला. दुसरे असे घट्ट की खडा दारातच अडला. पंढरपूरच्या नरहरी सोनारांनी विठ्ठलाचा करगोटा घडवला तेव्हा तोही एकदा सैल आणि एकदा तोकडा झाल्याची कथा आहे, ती मी आण्णांना सांगितली. ते म्हणाले, "त्यांचं माप बरोबर होतं. देव हालत होता. तुमचा खडा कुठं हालतोय?"

सरावासाठी मला रंगीत काचा मिळाल्या, आणि याबद्दल मला विषाद वाटला नाही, कारण कौटिल्यानेही जडावकामाची व्याख्या करताना आरंभ काचेपासूनच केला आहे. दागिना गरम लाखेत रुतवून लाकडी दांडीवर पक्का करायचा, म्हणजे हात मोकळे राहतात. मोहोरेची लाख मी आयुष्यभर हाताळली होती. ती येथे इतक्या प्रतिष्ठेने वावरताना पाहून एखादा जुना शिपाई मोठ्या हुद्द्यावर भेटावा तसे वाटले. खडा बोटांनी उचलायचा नाही. काडीच्या टोकाला मेण आणि कोळशाची पूड मळून लावलेली असते, तिने टिपायचा. मी बोटांनी उचलला. तो उडाला. मग मी आणि आण्णा दोघेही फरशीवर गाल टेकून पडलो. बत्ती जमिनीलगत आडवी धरली की हरवलेला खडा दूरवरून लुकलुकतो, ही युक्ती मी तेथे शिकलो, आणि त्याच अवस्थेत आम्ही असताना माझे एक जुने साहेब बोळातून गेले. खडा न सापडला तरी आण्णा अस्वस्थ होत नाहीत, कारण दुकानाचा केर ते टाकत नाहीत, हात धुतलेले पाणीही टाकत नाहीत. वर्षाकाठी झारेकरी येऊन तो सर्व केर विकत घेतात आणि धुऊन त्यातून सोने काढतात. कौटिल्याच्या कारखान्यातही ही धूळ धुणारी माणसे होती. ज्या धंद्याचा केरही दोन हजार वर्षे विकला जातो, त्याच्यापुढे आमचे अभिलेख-कक्ष काय चीज आहेत?

आण्णांच्या आजोबांचे एक जुने पदक त्यांनी एकदा पेटीतून काढून दाखवले. त्यात खडे कोंदणात बसवलेले होते. खड्याभोवती अगदी शुद्ध सोन्याचा कातडीसारखा पातळ पत्रा थरावर थर दाबत गेलेला, जाळाशिवाय, डाखाशिवाय. सोने पुरते शुद्ध आणि पुरते पातळ असले की दाबानेच सोन्याला सोने चिकटते. खड्याखाली चकाकीसाठी वर्ख. युरोपातही ही विद्या होती. फ्लॉरेन्सच्या बेन्व्हेनुतो चेलिनीने 1568 मध्ये सोनारकामावर पुस्तक छापले, त्यात खड्याखाली ठेवायच्या वर्खांचे पाठ दिले आहेत. मी ते पदक हातात घेऊन बराच वेळ जोड शोधत होतो. जोड नव्हतीच. "त्ये तुमाला न्हाई यायचं," आण्णा म्हणाले, आणि पुन्हा थोड्या वेळाने, "मलाबी न्हाई येत."

चैत्रात, पाडव्यानंतरच्या सोमवारी, आण्णांनी ती मूळ कुडी माझ्या पुढ्यात ठेवली. अकरा आठवडे अधिक पाच महिने ती त्यांच्या पेटीत निजून होती. घर शाबूत होते, फक्त काठ झिजून उघडला होता. भोवती मोती असल्याने जाळाचा प्रश्नच नव्हता. मी खडा मेणाच्या काडीने टिपला, घरात ठेवला, पातळी पाहिली आणि काठ दाबायची ओपणी हातात घेतली. काठ एका बाजूने सुरुवात करून गोल दाबत जायचा नसतो, तसे केल्यास शेवटी सगळा फुगवटा एका जागी येतो. आधी बाराच्या ठिकाणी एक दाब, मग समोर सहाला, मग नऊला, मग तीनला, आणि मग मधल्या जागा. बारा झाले, सहा झाले, नऊ झाले. तीनला ओपणी घसरली. काठावर नखाएवढी एक पोच पडली, आणि सोने मऊ असल्यामुळे ती फारच स्वच्छ पडली. खडा मात्र बसला. मी कुडी कानाशी धरून हलवली, आवाज नाही. आण्णांनी ती भिंगाखाली बराच वेळ पाहिली. "पक्का हाय," ते म्हणाले. मजुरीचे विचारले तेव्हा त्यांनी कौटिल्याची आठवण दिली: काम बिघडले तर मजुरी पूर्ण बुडाली. दुप्पट दंड त्यांनी माफ केला.

घरी कुटुंबाने कुडी उजेडाकडे नेऊन पाहिली. तिरकी करून पाहिली. "बरं झालंय हो," असे त्या म्हणाल्या आणि कानात घातली. चौतीस वर्षांत वरिष्ठांकडून असा अनुकूल शेरा मला मिळाला नव्हता. मी त्या दिवशी दोन वेळा चहा प्यालो.

वैशाखात पुतणीचे लग्न झाले. रात्री परतल्यावर कुटुंबाने दागिने उतरवून डब्यात ठेवले, आणि कुडी हातात आलीच म्हणून मी सहज भिंग काढले. खडा होता. घट्ट होता. बारा, सहा, नऊ. तीनच्या ठिकाणी पोच नव्हती. काठ आरशासारखा गुळगुळीत होता आणि खड्याभोवती एका मापात उतरला होता, जसा माझ्या हातून सात जन्मांत उतरला नसता. मी भिंग मिटले, डबा जागेवर ठेवला आणि दिवा मालवला. "छान दिसत होता खडा," अंधारातून कुटुंब म्हणाल्या, "सगळ्या विचारत होत्या कोणी बसवला म्हणून."

दुसऱ्या दिवशी मी नेहमीप्रमाणे पाटावर जाऊन बसलो. आण्णा जाळात गुंतले होते, चोपडी अंबाबाईच्या तसबिरीखाली उघडी पडली होती, आणि ती माझ्या बाजूने उलटी होती. लग्नाच्या आदल्या आठवड्यातील पान. 'वहिनीसाहेब, कुडी 1, काठ सारखा करणे. भाऊसाहेबांस बोलणे नाही. उद्या.' त्यापुढे दुसऱ्या शाईने दुसऱ्याच दिवसाची तारीख घातली होती आणि लिहिले होते, 'दिली.'